चार भोकं

"ताई, हे चार भोकं भरून टाकू का?"

डेंटर काकांनी हे विचारलं तेव्हा मी फोनवर होते. जूनचा पहिला आठवडा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, संपून दोन-चार दिवस झाले होते, पण नागपूरच्या कामठी रोडकडच्या त्या शेडमध्ये पत्र्याखाली उभं राहिलं की डोक्यावर तापलेला तवा धरल्यासारखं वाटत होतं. जीपची बॉडी चेसिसवरून उतरवून चार रिकाम्या ड्रमांवर ठेवली होती आणि काका तिच्या पोटात उकिडवे बसून छिन्नी-हातोडीनं जुना रंग आणि गंज उडवत होते. पुढच्या सीटांच्या मागे, फ्लोअरच्या मधोमध, चौकोनात चार भोकं होती. करंगळी जाईल एवढी. कडा गोल आणि साफ, म्हणजे गंजानं खाल्लेली नव्हेत, कोणीतरी ड्रिल लावून पाडलेली. मी वाकून पाहिलं. पलीकडे लेक पुण्याहून होस्टेलच्या डिपॉझिटचं काहीतरी सांगत होती. मी फोनवर हात ठेवला, म्हटलं, "भरून टाका ना काका," आणि आवाज नीट यावा म्हणून बाहेर लिंबाखाली गेले. परत आले तेव्हा चारही जागी वेल्डिंगचे निळसर डाग पडले होते आणि काका त्यांच्यावर ग्राइंडर फिरवत होते.

दोन सेकंदांचा होकार.

असे होकार त्या सात महिन्यांत मी शेकड्यांनी दिले असतील. हा पत्रा कापू का, हा बुश बदलू का, ही वायर तोडू का. जुनी गाडी उभी करायची म्हणजे रोज कोणीतरी हातात हत्यार घेऊन तुमच्याकडे बघतं आणि तुम्हाला हो किंवा नाही म्हणावं लागतं. बाकीचे सगळे होकार मी विसरले. हा एक मात्र राहिला.

जीप काटोलकडची. संत्र्याच्या बागेत गोठ्याला लागून पत्र्याचा आडोसा होता, त्याखाली ती बारा वर्षं उभी होती. महिंद्राची एमएम ५४०, १९८९ सालची. ज्यांनी हौसेनं घेतली ते काका वारले तेव्हापासून कोणी किल्ली फिरवली नव्हती. पुतण्याला आता तिथं ठिबकचे पाइप आणि फवारणीचा पंप ठेवायचा होता, म्हणून ती विकायला निघाली. मागच्या बाकावर कोंबडीनं अंडी घातली होती. हूडचा कॅनव्हास हात लावला की पापडासारखा मोडत होता. बोनेट उचललं तर एअर क्लीनरपाशी उंदरानं कापूस, सुतळी आणि वाळलेली संत्र्याची पानं आणून घर केलेलं; शिळं डिझेल आणि ती पानं यांचा एक कडसर-गोड वास वर आला. तो वास मला अजून आठवतो, कारण त्याच क्षणी मी मनात गाडी घेतली होती. कागद सगळे एका दुधाच्या पिशवीत, पिशवीला रबर. सौदा पुतण्याशी झाला. काकू ओसरीवर बसून होत्या, मधे एक शब्द बोलल्या नाहीत. टेम्पोवर चढवायच्या आधी मात्र हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आल्या. बोनेटला बोट लावलं. मग बाजूच्या पत्र्यावरून आत वाकून त्यांनी फ्लोअरवर तळहात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला. तिथं धूळ होती, कोंबडीची पिसं होती. हात लुगड्याला पुसून म्हणाल्या, "न्या आता." मला वाटलं, नवऱ्याची आठवण.

इंजिन खोललं त्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा टाकून मिस्त्रींकडे हजर होते. हे प्यूजोचं डिझेल इंजिन, महिंद्रानं परवाना घेऊन इथं बनवलेलं, नाव एक्सडीपी ४.९०. मी मिस्त्रींना विचारलं, हे ४.९० म्हणजे काय. कापडानं हात पुसत ते म्हणाले, "चार म्हणजे चार शिलिंडर, नव्वद म्हणजे नव्वदचा बोर." एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. मी गणित शिकवते. तिथंच ऑइलचे बोट उमटलेल्या बिलाच्या मागे मी आकडेमोड केली: व्यास ९० मिलिमीटर, स्ट्रोक ८३, एका नळकांड्याचं घनफळ काढलं, चारनं गुणलं आणि आलं २११२ घन सेंटिमीटर. आरसी बुकात हाच आकडा छापलेला होता. दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात वृत्तचितीचं घनफळ मी पुस्तकातल्या पाण्याच्या टाकीवर न शिकवता माझ्या जीपवर शिकवलं. मागच्या बाकावरची, एरवी खिडकीबाहेर बघणारी पोट्टी वही घेऊन पुढे आली. "मॅडम, बोर घासून नव्वदचा एक्क्याण्णव झाला तर सीसी वाढते का?" वाढते. आम्ही किती वाढते तेही काढलं.

मिस्त्रींचं काम चार महिने चाललं. स्लीव्ह घातल्या, हेड फेसिंगला गेलं, पंप पंपवाल्याकडे आणि नोझल त्याच्याच बाकावर टेस्ट झाले, रेडिएटर खोलून रॉडिंग केलं. नागपूरच्या मे महिन्यात रेडिएटरनं धोका दिला तर रस्त्याच्या कडेला सावलीही मिळत नाही, म्हणून त्याच्यावर मी पैसा मोजला नाही. टाकीत खडी आणि साखळी टाकून दोन पोरांनी ती तासभर हलवली, तेव्हा आतून विटकरी रंगाचा काढा निघाला. ब्रेक चारही ड्रमचे, एका बाजूला ओढत होते, ते नवे केले. आणि पाटे, म्हणजे लोखंडी पानांच्या स्प्रिंगा. मागचे पाटे बसून सपाट झाले होते. ते खोलून, पान न् पान घासून, कमान मारून, मधे ग्रीस भरून, नव्या बुशांवर बसवले. मिस्त्री म्हणाले, "आता गचके नाई लागणार ताई, पोटातलं पाणी हलणार नाई." मला फार बरं वाटलं होतं ते ऐकून.

सुरू झाली तो दिवस रविवार होता. हातपंप दाबून दाबून डिझेलमधली हवा काढली, बुडबुडे संपून नुसती धार लागली तेव्हा नट आवळला. हीटर धरला. मनातल्या मनात पंधरा मोजले. सेल्फ मारला तर एकदा नुसतीच घुसमटली, दुसऱ्यांदा एक सिलिंडर बोललं, मग दुसरं, आणि मग अख्खी गाडी अंग झाडून उभी राहिल्यासारखी थरथरली. पांढरा धूर गल्लीभर. समोरच्या टायरवाल्यानं येऊन मिस्त्रींना मिठी मारली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आता हे सगळं कशासाठी, हे घरातल्यांनी आधी विचारलं होतं. माझं उत्तर तेव्हा मला नीट देता आलं नव्हतं. आमचं लहानपण नागपूरच्या महाल भागातल्या वाड्याच्या गच्चीवर गेलं. एप्रिल लागला की संध्याकाळी बादल्यांनी गच्चीवर पाणी मारायचं. पहिल्या दोन बादल्या फरशी पिऊन टाकायची, चुर्र आवाज यायचा आणि भाजलेल्या मातीचा वास उठायचा. तिसऱ्या बादलीनंतर पाय ठेवता यायचा. मग नवारीच्या बाजा चढवायच्या, चार काठ्यांवर मच्छरदाण्या ताणायच्या, उशाशी सुरई. शेजारच्या गच्चीवरचे आजोबा रात्री नऊला खोकत, त्यावरून आम्हाला वेळ कळायची. बाबा सप्तर्षी दाखवायचे आणि दाखवता दाखवताच त्यांना झोप लागायची. पहाटे तीनच्या सुमाराला एक झुळूक यायची. बस, एकच. तेवढ्यासाठी पायथ्याशी चादर ठेवलेली असायची. आज त्या वाड्याच्या जागी चार मजले आहेत आणि गच्चीवर टाक्या. मला ती झुळूक परत पाहिजे होती. ती चालत येणार नसेल तर आपण तिच्याकडे जावं, एवढाच माझा विचार.

म्हणून ओव्हरलँडिंगवाल्या, म्हणजे गाडीतच मुक्काम करत लांब भटकणाऱ्या, पोरांनी मला छतावरचे तंबू दाखवले तेव्हा मी पाहिले, हात लावून पाहिले, आणि नाही म्हटलं. कॅनव्हासच्या हूडवर पन्नास-साठ किलोचा तंबू बसत नाही. त्याला आधी लोखंडी पिंजरा लागतो, आणि मग सगळं वजन वर जातं. उंच, अरुंद जीप उतारावर आडवी घेतली की वरचं वजन तिला पाडायलाच बसलेलं असतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं जशी बनवली तिच्यात मनाजोगता फेरफार करता येत नाही, आणि १५ वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करायची तर तिला तपासणीला उभंही राहावं लागतं. मला तिचे कागद सरळ हवे होते. मी ठरवलं, जे काही बसवायचं ते बोल्टनं बसेल आणि पान्यानं निघेल. झोपायला दोन घडीच्या बाजा आणि दोन मच्छरदाण्या, जीपच्या दोन्ही अंगांना. उन्हाला एक ताडपत्री, हूडच्या नळीपासून दोन बांबूंपर्यंत. पाणी वीस-वीस लिटरच्या दोन कॅनमध्ये. चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो, ते जितकं खाली आणि मागच्या ॲक्सलच्या जितकं पुढे तितकं चांगलं. एक जादा बॅटरी, दिव्याला आणि पंख्याला, सेल्फच्या बॅटरीपासून तोडलेली, म्हणजे रात्रभर पंखा चालला तरी सकाळी गाडी सुरू होईल. आणि सुतारानं बनवलेली प्लायची पेटी: वरचं झाकण पाडलं की ओटा, आत छोटी शेगडी, तवा, तिखट-मीठ, बेसन, एक बरणी लोणचं.

ही पेटी मी पुढच्या सीटांच्या मागे ठेवली, फ्लोअरच्या मधोमध. दुसरीकडे ती बसतच नव्हती. जुन्या विलीज जीपची पुढची-मागची चाकं एकमेकांपासून ८० इंचांवर, हिची ९१. त्या अकरा इंचांमुळेच मागच्या दोन आडव्या बाकांच्या पुढे थोडी जागा उरते. पेटी मी पट्ट्यांनी बांधली. डेंटर काकांनी बोल्ट मारू का विचारलं होतं, पण नव्या रंगाला भोक पाडायला माझा जीव झाला नाही.

पहिली रात्र सप्टेंबरात, रामटेकच्या पुढे खिंडसीकडे, ओळखीच्या एकांच्या शेतात. जंगलात तंबू टाकता येत नाही आणि टाकूही नये, तिथं घर दुसऱ्यांचं आहे. पण जंगलाला लागून माणसांची शेतं आहेत, आणि विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही, वरून चहा आणून देतात. दुपारी सर येऊन गेली होती. डांबरी सोडून पांदणीला लागलो आणि दोनशे मीटरमध्ये काळ्या मातीनं आपलं काम दाखवलं. आपली रेगडी टायरला चिकटत नाही, टायर गिळते. रबराच्या खाचा बुजल्या की चाक नुसतं गुळगुळीत काळं भेंडकं होतं आणि गाडी स्टिअरिंगचं न ऐकता उताराच्या कलानं जायला लागते. मी थांबले. दुसरा दांडा पुढे टाकून चारही चाकं जोडली, मग तिसऱ्यानं लो, म्हणजे सावकाश पण जोराचा गिअर, लावला. डांबरीवर हे कधी करायचं नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात, दोन्ही ॲक्सल एकमेकींना बांधलेले असले की तो फरक जाणार कुठे, मग गिअर आणि क्रॉस ताण सोसतात. चिखलात मात्र चाक थोडं घसरून तो ताण स्वतःच सोडून देतं. ॲक्सिलरेटरला पाय न लावता, नुसत्या इंजिनच्या दमावर, जीप बैलासारखी मान खाली घालून निघाली. नवरा बाजूला हँडल घट्ट धरून बसला होता. "चालते बाई ही," असं तो दोनदा म्हणाला. आणि तेवढ्यात डावं मागचं चाक नालीत उतरलं, गाडी कलंडल्यासारखी झाली, पट्टीचा हुक निसटला आणि पेटी सरकत जाऊन बाकाच्या कोपऱ्यावर आदळली.

बरणी फुटली. कैरीच्या लोणच्याचं तेल सगळ्या फ्लोअरभर.

रात्री, बाजा लावून झाल्यावर, मी हेडटॉर्च लावून राख आणि कापडानं ते तेल पुसत बसले. हवा गार होती, पाण्याकडून टिटवी ओरडत होती, मोहरी आणि हिंगाचा वास बोटांना बसला होता. तळहात फिरवताना रंगाखाली काहीतरी लागलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, हाताला लागत होतं. मसुराच्या डाळीएवढा उंचवटा. बोटभर पुढे नाही, तर ओंजळी-दोन ओंजळी पुढे दुसरा. मग तिसरा, चौथा. शेड, ऊन, फोन, सगळं परत आलं. पेटीतून टेप काढून मी मापलं. आडवं चौदा इंच, उभं तेरा. चौरस नव्हता तो. चौरस असता तर मी सोडून दिलं असतं कदाचित. पण चौदा बाय तेरा म्हणजे कुठल्यातरी ठरावीक वस्तूचे पाय. फवारणीच्या पंपाचे? संत्र्याचं खोकं कोणी बोल्टनं ठोकत नाही. बाजेवर पडून मी पहाटेपर्यंत वस्तू आठवत राहिले. झुळूक आली, तिनला नाही, चारच्या पुढे. चादर ओढून घेतली आणि तरी माझं लक्ष तेरा इंचांवरच होतं.

पुतण्याला फोन केला तर तो म्हणाला, मले नाई माहीत, आम्ही तवा शहरात होतो. डिसेंबरात संत्र्याच्या आंब्या बहाराची तोडणी चालू होती तेव्हा एका रविवारी मी जीप घेऊन काटोलला गेले. मनात खरं तर कौतुक करून घ्यायचं होतं. हिरवा रंग, नवा हूड, काचा झळकत होत्या. बागेच्या रस्त्यानं आत शिरले तर सगळीकडे क्रेट, झाडांखाली सांडलेली संत्री, सालीचा झोंबरा वास. इंजिनाचा आवाज ऐकून काकू ओसरीवरून उठल्या होत्या. मी उतरायच्या आधी त्या फाटकापाशी. त्यांनी रंग पाहिला नाही. बाजूनं वाकून आत हात घातला आणि फ्लोअरवरून फिरवला, एकदा, पुन्हा एकदा, अंधारात काडेपेटी शोधतात तसा.

"इथं खुर्ची होती," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, उभ्या उभ्याच, मला आत या म्हणायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांना एक मुलगी होती. पोलिओ झालेली, कमरेखाली जीव नाही आणि मानही धरवत नसे. काकांनी जीप घेतली ती तिच्यासाठी. सुतारानं सागाची लहान खुर्ची करून दिली, दोन्हीकडून हात, मागे उंच पाठ, आणि बैलाच्या जुन्या गोंड्याच्या पट्ट्याला मऊ कापड शिवून कमरेचा बंद. ती खुर्ची बोल्टनं फ्लोअरला पक्की केली. पुढच्या सीटच्या बरोब्बर मागे. "त्याहीचा हात मांगं पुरला पायजे ना. गाडी चालवता चालवता तिच्या गुडघ्यावर हात ठेवत." रोज संध्याकाळी बागेचा फेरा. चतुर्थीला अदाशाचा गणपती. एकदा पार रामटेक, तिथं मुक्काम, धर्मशाळेत जागा मिळाली नाही तर जीपमध्येच झोपले तिघं.

"तिले गचके लय आवडे," काकू म्हणाल्या. "डांबरी लागली का गुमसुम बसे. पांदण लागली का हासे. मोठ्यानं हासे, पाखरं उडत. म्हणून हे मुद्दाम खड्ड्यातून नेत. लोक म्हणत, काय चालवते हा माणूस."

एकोणीस वर्षांची होऊन ती गेली. खुर्ची काकांनी स्वतः काढली, कोणाला हात लावू दिला नाही. भोकं तशीच ठेवली.

मी म्हटलं, "काकू, ती भोकं मी बुजवली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बुजवाच लागते ना जी. पाणी येते तिथून. पावसाळ्यात तिचे पाय ओले होत, मी फडकं कोंबत जाओ." आणि मग एकदम आठवल्यासारखं, "चहा ठेवतो, बसा," म्हणून आत गेल्या. निघताना त्यांनी दोन क्रेट संत्री मागे ठेवायला लावली. मी त्यांना म्हटलं, बसता का, बागेचा एक फेरा मारू. त्या बसल्या. पुढे नाही, मागे, आडव्या बाकावर, हूडची नळी धरून. मी पांदणीत घातली. मिस्त्रींनी एवढ्या मेहनतीनं ग्रीस भरलेले पाटे मऊमऊ डुलत होते. आरशात मला काकू दिसत होत्या. एका खड्ड्याशी मी वेग कमी करायला गेले आणि केला नाही. गाडी उसळली. काकूंनी डोळे मिटले होते, हसल्या की काय ते मला आरशात नीट दिसलं नाही.

परतीच्या वाटेवर कळमेश्वरपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. मला कोणी रागावलं नव्हतं. उलट ज्यांचा हक्क होता त्यांनीच सांगितलं होतं की बुजवलंस ते बरं केलंस. तरी आत काहीतरी दुखत होतं. मी सात महिने लोकांना सांगत होते की ही गाडी मी मुक्कामासाठी, भटकण्यासाठी तयार करते आहे, जणू ती आधी नुसतं वाहन होती. आणि ती तर माझ्या किती आधीपासून एका मुलीसाठी तयार केलेली होती, मापं घेऊन, हात कुठवर पुरतो ते बघून. माझ्या बाजा, माझी बॅटरी, माझी ताडपत्री, हे सगळं मला मनापासून आवडतं, आजही आवडतं. पण चौदा बाय तेरा हे माप मी घेतलेल्या कुठल्याही मापापेक्षा जास्त विचारानं घेतलेलं होतं.

जानेवारीत पेटीचं काम काढलं. आम्हाला सिल्लेवानी घाट चढून तामियाकडे, पाताळकोटच्या काठावर जायचं होतं आणि सुटी पेटी घेऊन मी घाटात जाणार नव्हते. डेंटर काकांनी पेटी उचलून बघितली, जीपखाली सरकले, खालून फ्लोअरवर टिचक्या मारत गेले. "वजन पेलायचं तर बोल्ट च्यानलमधून गेला पायजे ताई. नुसत्या पत्र्यातून गेला तर गचक्यानं पत्रा फाटते." पुढचं चॅनेल, म्हणजे फ्लोअरखालून जाणारा आडवा लोखंडी आधार, त्यांनी खडूनं आखलं. पेटीचे पुढचे दोन पाय कुठे येतात ते पाहिलं. मग टिचकी मारायची थांबवून म्हणाले, "इथं तर वेल्डिंग हाये. हे भोकं आपणच भरले होते ना?"

मी हो म्हटलं. सगळं सांगितलं. ते पाठीवर पडल्या पडल्या ऐकत होते, फक्त पाय बाहेर दिसत होते. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "तरीच. मांगच्या दोघाले खालून लोखंडी पट्टी होती, ठोकून ठोकून बसवलेली. म्या म्हणलं, पत्र्याले एवढी काळजी कोणं घेतली. काढून टाकली मी." ती पट्टी आहे का, असं मी विचारलं. ती केव्हाच भंगारात गेली होती. त्यांचा आवाज बारीक झाला होता, आणि मला त्यांना सांगावंसं वाटलं की होकार माझा होता.

पेटीच्या मागच्या पायांना दुसरं चॅनेल दहा इंच मागे मिळालं. म्हणजे जुन्या चारांपैकी पुढची दोनच माझ्या कामाची होती. त्यांनी वरून ड्रिल लावला. हिरवा रंग, मग तांबडा प्रायमर, मग लोखंडाचा कुरळा चांदीसारखा तार. दोन झाल्यावर त्यांनी ड्रिल बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तेही उघडा." त्यांनी कशाला विचारलं नाही. उघडल्यावर आत माती पडली का बघायला ते पुन्हा खाली गेले, टॉर्च घेऊन. मी मागे बाकावर बसले होते. शेडमध्ये संध्याकाळ होत आली होती. खालून टॉर्चचा उजेड चारही भोकांतून वर आला आणि हूडच्या आतल्या कापडावर चार ठिपके पडले, टॉर्च हलेल तसे जवळ-लांब होत.

पुढच्या दोघांत आता पेटीचे बोल्ट आहेत. मागच्या दोघांना काकांनी रबरी बूच दिलं. पावसात थोडं पाणी येतं. मी पुसून घेते.